पेटीतला स्किझ्मा : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, शहापूर, बेळगाव

आमच्या भजनी मंडळाची जुनी पेटी दोन वर्षे माळ्यावर पडून होती. तिचा भाता, पट्ट्या आणि फळ्या शाबूत आहेत. सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, मात्र इतक्या वेळा घासले गेले आहेत की त्यांच्यात आता जीव उरलेला नाही. पेटी ३९ पट्ट्यांची असून तिच्यात नर (मधल्या उंचीच्या) सुरांच्या दोन रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेला हवा सोडणारा-रोखणारा स्वतंत्र स्टॉपर आहे. मंडळाने ती माझ्याकडे सोपवली, तेव्हा पालिताण्याचे कच्चे सूर मागवून दोन्ही रांगा नव्याने भरायचे मी ठरवले. नुसती दुरुस्ती करायची असती तर नोंदी ठेवायची गरज नव्हती. माझा हेतू असा आहे की दोन रांगा दोन वेगळ्या वाटांनी, केवळ कानाने मिळवायच्या आणि त्या वाटांच्या शेवटी स्किझ्मा नावाचे जे अतिसूक्ष्म स्वरांतर उरते, ते प्रत्यक्ष पेटीत किती जाणवते हे पाहायचे.

उद्यमबागेत माझे लेथचे काम आहे, त्यामुळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे मला भय वाटत नाही. सुराच्या शंभराव्या भागाचे मात्र वाटते, कारण तो मोजायला मायक्रोमीटर लावता येत नाही.

९ जून

आज फक्त हिशेब केला. सर्व आकडे सा = २४० हर्ट्झ धरून मांडले आहेत.

सा पासून शुद्ध मध्यमाच्या पायऱ्या चढत गेलो, म्हणजे दरवेळी कंपनसंख्येला ४/३ ने गुणले आणि सप्तकाबाहेर गेलेला स्वर निम्मा करून परत आत आणला, तर क्रमाने म, कोमल नी, कोमल ग, कोमल ध, कोमल रे, तीव्र म, शुद्ध नी आणि आठव्या पायरीवर शुद्ध ग असे स्वर मिळतात. या आठव्या पायरीवरच्या गांधाराचे सा शी गुणोत्तर ८१९२/६५६१, म्हणजे २९९.६६ हर्ट्झ आहे. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार ५/४, म्हणजे नेमका ३०० हर्ट्झ आहे. या दोन गांधारांमधले अंतर ३२८०५/३२७६८ इतके, म्हणजे १.९५ सेंट (सप्तकाचे बाराशे भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट) आहे आणि त्यालाच स्किझ्मा म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ फूट किंवा चीर असा होतो. तीनचा आठवा घात ६५६१. त्याला पाचने गुणले की ३२८०५ येतात आणि दोनचा पंधरावा घात ३२७६८ आहे. तीन आणि पाच यांच्या गुणाकाराने दोनच्या घाताला जवळजवळ गाठले, पण ३७ ने चुकवले, एवढीच ही सारी गोष्ट आहे.

तुलनेसाठी, प्रमाणश्रुती म्हणून ओळखले जाणारे ८१/८० हे अंतर २१.५१ सेंटचे आहे, म्हणजे स्किझ्माच्या अकरा पट. बारा शुद्ध पंचम चढून सात सप्तके उतरल्यावर उरणारे अंतर २३.४६ सेंटचे आहे आणि या दोहोंची वजाबाकी हाच स्किझ्मा. श्रुतींविषयी, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांविषयी, लिहिताना फक्त षड्ज-पंचम भावाची साखळी मानणारे आणि स्वयंभू गांधाराला प्रमाण मानणारे एकमेकांशी हिरिरीने भांडतात. पण त्यांच्या कोष्टकांत पुष्कळदा एवढ्याच चिरेइतका फरक असतो, हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावरच ध्यानात येते.

आता दोन रांगांची योजना. पहिल्या रांगेत मध्यमाच्या पायऱ्यांनी दहा स्वर काढायचे (वरचे आठ आणि पुढे शुद्ध ध व शुद्ध रे), तर दुसऱ्या रांगेत पंचमाच्या पायऱ्यांनी प, रे, ध, ग, नी, तीव्र म, कोमल रे, कोमल ध, कोमल ग, कोमल नी आणि शेवटी चढा मध्यम असे अकरा. पहिल्या रांगेत पंचम सरळ सा वरून घ्यायचा. दोन्ही रांगांत मिळून चोवीस स्वर होतात आणि सा व प दोन्हीकडे तेच असल्यामुळे वेगळे स्वर बावीस उरतात. प्रत्येक पट्टीवरचे दोन स्वर एकमेकांपासून सुमारे एका प्रमाणश्रुतीने लांब राहतात. हे बावीस गणिताला मुरड घालून आणलेले नाहीत. साखळी दोन्ही बाजूंनी जेवढी जाते तेवढी नेली की ते आपसूक पडतात. भरतमुनींनी श्रुती दाखवण्यासाठी एक वीणा स्थिर ठेवून दुसरी उतरवत नेली होती. आमच्या पेटीला दोन वीणा नाहीत, पण दोन स्टॉपर आहेत.

१६ जून

खडेबाजाराकडच्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी रविवारची दुपार द्यायचे मान्य केले. त्यांना २४० चा सा मुळीच पसंत पडला नाही. "दादा, ही कुठली पट्टी ओ? काळी पाचच्या वर, पांढरी सातच्या खाली. ह्या पेटीबरोबर दुसरं वाद्य कसं लावणार?" त्यांचे म्हणणे खरे आहे. ही पेटी एकाच सा ची राहणार आणि त्या सा ला तानपुरा मिळवावा लागणार. पण आकड्यांचा हिशेब तोंडी करता यावा म्हणून मी हट्ट सोडला नाही.

सुराची पितळी जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो आणि खिळ्याकडे घासली की उतरतो. काका जिभेखाली जाड कागदाचा तुकडा सरकवतात, ती त्यावर टेकवतात आणि कानशीचा हात असा फिरवतात की जणू पितळेवरची धूळच झाडत आहेत. मी तोच प्रयत्न केला तेव्हा तिसऱ्याच सुराची जीभ खिळ्याजवळ चिरली. त्यानंतर घासायचे काम काकांचे आणि मोजायचे माझे, अशी वाटणी झाली.

२३ जून

मिळवलेला सूर रात्रीतून बदलतो. घासताना जीभ तापते आणि तापलेली जीभ किंचित खाली बोलते. निवाली की वर येते. आता घासल्यावर दहा मिनिटे थांबल्याशिवाय कोणताही आकडा वहीत घ्यायचा नाही, असे ठरवले.

दुसरी अडचण भात्याची आहे. दाब वाढला की सूर थोडा उतरतो. दोन सूर एकाच भात्यावर असले तरी ते सारखे उतरत नाहीत आणि आपल्याला शोधायचे अंतर दोनच सेंटचे आहे. म्हणून पारदर्शक नळी वाकवून इंग्रजी यू अक्षरासारखी केली, तिच्यात कुंकवाचे पाणी भरले आणि तिचे एक तोंड पेटीच्या हवेच्या खोलीत बसवले. पुतण्या भाता मारतो आणि लाल पाणी नळीवरच्या खुणेपाशी धरून ठेवतो. या कामात तो इतका तरबेज झाला आहे की हल्ली खुणेकडे न पाहताही पाणी हलू देत नाही.

मोबाइलवरचे ट्यूनर या कामाला पुरे पडत नाहीत, कारण त्यांचा काटा एका सेंटच्या आगेमागे खेळत राहतो. त्यापेक्षा विस्पंद, म्हणजे जवळजवळ जुळलेले दोन सूर एकत्र वाजताना आवाजात उठणाऱ्या लाटा, मोजणे खात्रीचे आहे. काका त्यांना हेलकावे म्हणतात आणि मीही यापुढे तोच शब्द वापरणार आहे.

७ जुलै

पहिली रांग आठव्या पायरीपर्यंत पोहोचली.

पारख अशी ठरवली होती. सा आणि ग एकत्र वाजवले की सा चा पाचवा उपस्वर (त्याच्यातच मिसळलेला पाचपट कंपनसंख्येचा स्वर, १२०० हर्ट्झ) आणि ग चा चौथा उपस्वर एकमेकांवर येतात. गांधार नेमका ३०० असेल तर हेलकावा उरत नाही. तो स्किझ्माने उतरलेला असेल तर त्याचा चौथा उपस्वर ११९८.६५ होतो आणि सेकंदाला १.३५, म्हणजे दहा सेकंदांत साडेतेरा हेलकावे यायला हवेत. पेटीच्या सुरात उपस्वर भरपूर असल्यामुळे हे हेलकावे कान थोडा वर नेला की स्पष्ट ऐकू येतात.

आम्ही मोजले ते एकतीस. याचा अर्थ गांधार जवळजवळ साडेचार सेंट खाली होता. त्यातले दोन सेंट गणिताचे आणि उरलेले अडीच आमचे. ज्या वस्तूच्या शोधात निघालो, तिच्याहून आमची चूकच मोठी निघाली.

चूक कुठे झाली हे शोधण्यात बाकीचा दिवस गेला. अडीच सेंट आठ पायऱ्यांवर वाटले तर प्रत्येक पायरीला सुमारे ०.३ सेंट पडतात. सा-म च्या पायरीवर एवढ्या चुकीचा हेलकावा सहा सेकंदांनी एकदा येतो आणि काका तीन-चार सेकंद ऐकून "लागला" म्हणतात. पण चुका मागेपुढे झाल्या असत्या तर त्यांनी एकमेकींना खाऊन टाकले असते. इथे त्या सर्व एकाच दिशेला होत्या. त्याचे कारण काकांच्या हातात सापडले. ते नेहमी टोकाकडून घासत सूर खालून वर आणतात आणि हेलकावा ऐकू येईनासा होताच थांबतात, म्हणून प्रत्येक सूर केसभर खालीच राहतो. चाळीस वर्षांच्या सवयीत हा केसभर फरक कधीच अडचणीचा ठरला नव्हता, कारण आठ पायऱ्यांची साखळी तपासायला आजवर त्यांच्याकडे कोणी आलेच नव्हते.

१४ जुलै

साखळी पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी एक सूर खालून वर आणि पुढचा वरून खाली आणला व प्रत्येक पायरीवर पूर्ण दहा सेकंद कान दिला. सा आणि ग यांच्यात दहा सेकंदांत चौदा हेलकावे आले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हाही चौदाच. काकांनी काहीच न बोलता चहा मागवला.

२० जुलै

आषाढी बुधवारी झाली आणि मंडळाची गडबड ओसरली. आज वहिनींनी वेळ दिला. त्या गातात आणि त्यांचा तानपुरा मिरजेचा आहे. दुसऱ्या रांगेतला गांधार तात्पुरता थेट सा वरून, हेलकावा पूर्ण मोडेपर्यंत मिळवून ३०० वर आणला होता, म्हणजे एका पट्टीवर स्टॉपर बदलला की स्किझ्माच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही ग वाजत होते. दोन्ही स्टॉपर एकदम उघडले की तीन सेकंदांनी एक संथ लाट उठत होती.

तानपुरा नसताना, एक ग थांबवून दुसरा वाजवला, तेव्हा वहिनींना फरक सांगता आला नाही आणि आम्हा कोणालाच आला नाही. तानपुरा सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. खर्जाच्या तारेतून उठणारा गांधार स्थिर उभा होता आणि त्याच्याशी ३०० चा ग मिसळून जात होता. साखळीतला ग एका जागी थांबत नव्हता. वहिनींनी पेटीकडे पाठ करून, डोळे मिटून प्रत्येक वेळी बरोबर ओळखले. "हा विरघळतो, तो विरघळत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी भूपाचे आलाप घेतले, तेव्हा गाताना पेटीवर कोणता ग चालू आहे याची त्यांनी फिकीर केली नाही आणि आम्हालाही ते कळले नाही. म्हणजे स्किझ्मा ऐकू येतो, पण त्याला ठेहराव लागतो. गळा एका स्वरावर तीन सेकंद निश्चल राहील, तेव्हाच तो समोर येतो.

२८ जुलै

गांधार तानपुऱ्याशी मिळायलाच हवा, तर मग हे दोन सेंट कुठे ठेवायचे हा आजचा प्रश्न होता.

जर्मनीचे शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी याच प्रश्नाला उत्तर दिलेले आहे. त्यांनी स्टुटगार्टच्या शीडमायर यांच्याकडून दोन पट्ट्यांच्या ओळींचा आणि सप्तकात चोवीस स्वरांचा हार्मोनियम करून घेतला होता व त्याचे वर्णन १८६३ च्या आपल्या ग्रंथात दिले. त्यांनी गांधार शुद्ध ठेवले आणि स्किझ्माचे आठ भाग करून एकेक भाग प्रत्येक पंचमावर टाकला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, त्याच्या जवळजवळ अर्धे शतक आधीची ही गोष्ट आहे. आमचे शहापूर त्या काळी सांगली संस्थानात होते, म्हणून देवलांचे नाव आले की मला उगाचच घरचे वाटते.

आठवा भाग म्हणजे ०.२४ सेंट. सा-म च्या पायरीवर तो टाकायचा तर साडेसात सेकंदांनी एकच हेलकावा येईल असा मध्यम लावावा लागेल. आम्ही प्रयत्न केला. हेलकावा नाहीसा करणे एक वेळ सोपे, पण साडेसात सेकंदांचा हेलकावा आणि नऊ सेकंदांचा हेलकावा यांत निवड करणे पितळेवर कानस चालवणाऱ्या माणसाच्या आवाक्यातले नाही. दुपारभरात दोन पायऱ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याही सरकलेल्या होत्या. हा मार्ग सोडला.

११ ऑगस्ट

काकांच्या साध्या प्रश्नाने काम पुढे गेले. ते म्हणाले, "सगळ्यांना थोडं थोडं वाटत बसण्यापेक्षा एकालाच सगळं द्या की ओ."

मग साखळी दोन्ही टोकांनी लावली. सा पासून म, कोमल नी, कोमल ग, कोमल ध, कोमल रे पूर्वीसारखेच मध्यमाच्या पायऱ्यांनी. ग मात्र थेट सा वरून, ३०० चा. त्या गांधाराचा पंचम म्हणजे नी (४५०), त्या निषादाचा पंचम म्हणजे तीव्र म (३३७.५), आणि दुसऱ्या बाजूला गांधाराचा मध्यम म्हणजे ध (४००), त्याचा मध्यम म्हणजे रे (२६६.६७). एकही पायरी हेलकाव्याची नाही. दोन्हीकडून येणारी साखळी कोमल रे आणि तीव्र म यांच्यामध्ये भेटते आणि सगळा स्किझ्मा त्या एकाच सांध्यात जाऊन बसतो. भजनात हे दोन स्वर एकदम दाबायची वेळ येत नाही.

दुसऱ्या रांगेतही हेच केले. तिथे कोमल ध असा लावला की वरचा सा त्याचा शुद्ध गांधार व्हावा (३८४ आणि ४८०), आणि त्यावरून कोमल रे, कोमल ग, कोमल नी व चढा मध्यम काढले. त्या रांगेतला सांधाही तीव्र म आणि कोमल रे यांच्यामध्येच आला. दोन्ही रांगा मिळून दहा आठवडे लागले. आता दोन्ही स्टॉपर एकदम उघडले तर सा आणि प सोडून सारी पेटी थरथरते, गांधारावर तर सेकंदाला पावणेचार वेळा.

१८ ऑगस्ट

सांध्याचे गणित रात्री करून पाहिले आणि वही मिटवेना. पहिल्या रांगेतला कोमल रे २५६/२४३ आहे आणि तीव्र म ४५/३२. त्यांचे गुणोत्तर १०९३५/८१९२ येते. सेंटमध्ये ते ४९९.९९९ आहे.

टेम्पर्ड सप्तकातला, म्हणजे बारा सारख्या भागांत वाटलेल्या सप्तकातला, मध्यम नेमका ५०० सेंटचा असतो. म्हणजे शुद्ध पंचम, शुद्ध मध्यम आणि एक शुद्ध गांधार एवढ्याच साहित्याने, कोणतेही यंत्र न वापरता, आम्ही एका सांध्यावर बाजारच्या पेटीचा मध्यम बनवून बसलो होतो. याचे कारण असे की टेम्पर्ड सप्तकात प्रत्येक पंचम १.९५५०० सेंटने कापलेला असतो आणि स्किझ्मा १.९५३७२ सेंटचा आहे. दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध असायला हवा असे नाही, तरी ते असे शेजारी येऊन बसले आहेत. किर्नबर्गर (१७२१-१७८३) या जर्मन संगीतशास्त्रज्ञाला ही गोष्ट ठाऊक होती आणि टेम्पर्ड स्वर कानाने लावण्यासाठी त्याने तिचा उपयोग सुचवला होता. या दोन आकड्यांतला अतिसूक्ष्म फरक बारा पायऱ्यांवर साठून जे अंतर होते, त्याला त्याच्याच नावाने अणू म्हणतात. ३२० हर्ट्झच्या आसपासचे, एका पायरीवरच्या फरकाएवढ्याच अंतराने वेगळे दोन सूर एकत्र वाजवले तर एक हेलकावा पुरा व्हायला तासाहून जास्त वेळ लागेल. पुतण्याला एवढा वेळ भाता मारायला सांगण्याचे धाडस मी केलेले नाही.

२५ ऑगस्ट

काकांना आकड्यांवर बोलणे आवडत नाही, म्हणून पेटी उचलून त्यांच्या दुकानात नेली. त्यांच्याकडे गेल्याच आठवड्यात मिळवलेली, गिऱ्हाइकाला द्यायची एक पेटी तयार होती. आमच्या पेटीच्या पहिल्या रांगेत सा आणि म दाबून धरले: सूर जागचा हलला नाही. मग कोमल रे आणि तीव्र म दाबले: सेकंदाला एकाहून किंचित जास्त असा हेलकावा आला. त्यानंतर गिऱ्हाइकाच्या पेटीवर पांढरी सात धरून तिचा मध्यम दाबला. तोच हेलकावा, त्याच चालीने. काकांनी पट्टी बदलली, तिथेही तोच. आणखी एक बदलली. बाराही ठिकाणी कमी-जास्त वेगाने तोच डोल होता, पट्टी उंच तसा तो जलद होत होता एवढेच.

ते बराच वेळ एका हाताने आमची आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाची पेटी दाबत राहिले. "म्हणजे तुमच्या पेटीत जो एक सांधा वाईट, तो आमच्याकडे बाराच्या बारा," ते म्हणाले, "आणि आम्ही त्यालाच सुरात म्हणतो की." मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढून आमच्या पेटीच्या आतल्या फळीवर, कोमल रे आणि तीव्र म यांच्या सुरांखाली, एकेक बारीक फुली मारली, म्हणजे पुढे कधी पेटी उघडली तर त्या दोन सुरांना कोणी बिघडलेले समजून कानस लावू नये. ७ सप्टेंबरला गणपती बसतील, त्याआधी ती मंडळाकडे परत द्यायची आहे. तानपुरा २४० वर मिळवायचा, अशी चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवली आहे.